बार्शीचं हसू आधी यायचं

"लाव," फोनवर दाजी म्हणाले.

"काय लावू?"

"तुमची ती मालिका. सोमवार आहे ना आज?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजत आले होते. अक्काचा तेरावा उरकून मी बार्शीहून उदगीरला परतले, त्याला आठवडाही झाला नव्हता. पुढ्यात मेथीची जुडी पडली होती. अर्धी निवडून झाली होती आणि उरलेली कुणासाठी निवडायची ते कळत नव्हतं. टीव्ही मी लावला नव्हता, लावणारही नव्हते.

"दाजी, तुम्ही बघणार?"

"फोन चालू ठेव," ते म्हणाले. "मंदा ठेवायची तसा."

मंदा म्हणजे माझी अक्का. मी उठून टीव्ही लावला. फोन स्पीकरवर टाकून नेहमीच्या स्टुलावर ठेवला आणि पुन्हा मेथीपाशी येऊन बसले. काय चाललंय ते मला समजेना.

समजणार कसं? सोमवारी साडेसातला माझ्या स्टुलावरच्या फोनमधून दाजींचा आवाज, हे म्हणजे देवळात जकातीचा नाका लागण्यासारखं होतं. अक्काचे यजमान विश्वंभर कुलथे यांची सगळी नोकरी बार्शीच्या नगरपालिकेत जकात नाक्यावर गेली. येणारा प्रत्येक ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची आणि विचारायचं, "यात काय आहे?" पुढे जकात गेली, नाका गेला, दाजी निवृत्त झाले, पण प्रश्न काही गेला नाही. अक्का बाजारातून पिशवी घेऊन आली की हे दारातच विचारायचे, "यात काय आहे?" त्यांच्या लग्नात मी करवली होते. रुखवत मांडलं होतं, तर नवरदेव वाकून एका झाकलेल्या परातीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "यात काय आहे?" मी म्हटलं, "साखरेचं तुळशीवृंदावन." त्यांनी झाकण उचलून खात्री करून घेतली.

त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. अक्का म्हणायची, "मी पाहिलंय."

"कधी गं?"

"झोपेत."

अक्का मात्र हसण्यासाठीच जन्माला आली होती. मी तिच्या पाठची. लग्न केलं नाही. उदगीरला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून जन्म काढला. साठ-सत्तर पोरींचा कालवा ऐकत झोपायची सवय झालेली, आणि निवृत्त झाल्यावर एकदम दोन खोल्या, एक गॅस आणि एक टीव्ही. एखाद्या दिवशी तर संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण तोंडातून "अर्धा लिटर" एवढेच शब्द काढलेत, तेही सकाळी दूधवाल्याशी. अशाच एका दिवसात अक्काचा फोन आला. म्हणाली, "शाले, 'तात्यांचं बिऱ्हाड' बघतीस का? लाव लाव, आत्ता लागलंय. फोन ठेवू नकोस, इकडं मी बघते, तिकडं तू बघ."

तेव्हापासून दर सोमवारी हा आमचा नेम झाला. बोलायचं नाही. ती बार्शीत, मी उदगीरला, मध्ये फोन उघडा, आणि दोघींनी हसायचं.

त्यात एक गंमत होती. अक्काकडे गल्लीतल्या केबलवाल्याची तार होती आणि माझ्याकडे गच्चीवरची छत्री. का कुणास ठाऊक, पण तिच्याकडचं चित्र माझ्यापेक्षा थोडं पुढे असायचं. फार नाही, चहाचा एक घोट घ्यावा एवढंच. त्यामुळे विनोद माझ्याकडे पोचायच्या आधी बार्शीचं हसू पोचायचं. तात्या नुसते जिन्यावरून उतरत असायचे, काही झालेलं नसायचं, आणि फोनमधून अक्का फुटायची. मग मी श्वास धरून बसायची, आता काय होणार म्हणून. आणि ते झालं की माझं हसू दुप्पट व्हायचं. सुरुवातीला मी ओरडायची, "अगं, आधी हसू नकोस, मला कळतं ना." पुढे पुढे मला ते आधीचं हसू नसलं तर चैन पडेना. एकदा तिची केबल गेली होती. त्या सोमवारी मी अख्खा भाग कोरडेपणाने पाहिला.

मालिका काही फार थोर नव्हती. तात्या म्हणजे एक चिक्कू घरमालक. वर बिऱ्हाडं, खाली ते. भाडेकरूंत एक बनूमावशी, हिला चहाचं सोडून काही ऐकू येत नाही. आणि दिवाणखान्यात एक खुर्ची. तिचा मागचा एक पाय मोडलेला, खाली वीट लावलेली. नको असलेला पाहुणा आला, की तात्या मोठ्या अगत्याने तीच पुढे करायचे. मी म्हणायची, दर वेळी तीच खुर्ची, दर वेळी माणूस पडतो, लोकांना कंटाळा कसा येत नाही? तर अक्का म्हणायची, "पडल्यावर कोण हसतंय? तो बसायच्या आधी धोतर सावरतो ना, तेव्हा येतं हसू. आपल्याला खुर्ची ठाऊक, त्याला ठाऊक नाही. आणि ऐटीत सावरतोय."

तिचा सर्वांत लाडका भाग वसुलीच्या अधिकाऱ्याचा. नगरपालिकेचा माणूस थकलेली घरपट्टी घ्यायला येतो. तात्या खुर्ची पुढे करतात, तो बसत नाही. चहा उभ्याने घेतो, हिशेब उभ्याने करतो. तात्यांनी आग्रह करून करून थकायचं, पण हा काही बसायचं नाव घेत नाही. शेवटी पैसे घेऊन जातो. तात्या दार लावतात, घाम पुसतात, आणि "सुटलो" म्हणून स्वतःच त्या खुर्चीवर बसतात. हा भाग अक्काने दाजींना जेवताना सांगितला होता, त्यांचं खातं म्हणून मुद्दाम. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पावती दिली का त्यानं?"

हे अक्काने मला फोनवर सांगितलं, तेव्हा आम्ही मालिकेपेक्षा जास्त हसलो. ही अक्का. आषाढात अंगणात कपडे वाळत घालताना पडली आणि उठलीच नाही.

तर त्या पहिल्या सोमवारी फोन स्टुलावर होता आणि टीव्हीत बनूमावशी आली. तात्यांच्या बशीत शेवटचा लाडू होता. तात्या पाठमोरे होऊन भाडेकरूवर ओरडत होते, तेवढ्यात मावशीने शांतपणे बशी फिरवली. बोलली काहीच नाही. तात्यांनी मागे न बघता हात घातला आणि तोंडात लिंबाचं लोणचं घातलं. टीव्हीतली माणसं खदखदली. मला हसू आलं नाही, मी मेथी खुडत राहिले. फोनमधून काही आलं नाही.

मग दाजींचा आवाज आला. "ह्यात हसायला काय आहे?"

मी डोळे पुसले. "मावशीनं बशी फिरवली, दाजी."

"मग?"

"मग त्यांना लाडू वाटला, आणि ते लोणचं निघालं."

"हां," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी फोन आला. त्याच्या पुढच्याही. साडेसात म्हणजे साडेसात. "लाव." त्यांच्याकडून टीव्हीचा आवाज यायचा नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन-दोन आवाज कशाला? मी बंद ठेवतो. तुझाच ऐकतो." आवाजातही काटकसर करणारा माणूस, मला त्यात नवल वाटलं नाही. आणि दर भागात किमान चार वेळा ताडपत्री उचलली जायची. "आता काय झालं? ह्यात हसायला काय आहे?" सासरा चुकून सुनेची ओढणी पंचा म्हणून खांद्यावर टाकून देवळात गेला, ह्यात हसायला काय आहे? भाडेकरू कपाटात लपला आणि शेपटासारखा त्याचा नाडा बाहेर राहिला, ह्यात हसायला काय आहे?

मी सांगायची. नाडा बाहेर राहिला म्हणून, दाजी. त्याला वाटतंय आपण लपलोय म्हणून. विनोद असा सांगत बसलं की त्याचं काय होतं ते कुणीही सांगेल. मी सांगून होईपर्यंत पुढचे दोन निघून जायचे. तेही पुन्हा सांगावे लागायचे. वसतिगृहात पोरींना भूमितीची प्रमेयं समजावून सांगताना मला याहून जास्त हसू यायचं.

दोन-तीन महिन्यांत मला सोमवारची धास्ती बसली. आधी आठवडा सोमवारची वाट बघण्यात जायचा. आता तोच एक दिवस नको वाटू लागला, आणि बाकीचे सहा तर पहिल्यापासूनच रिकामे होते. वाटायचं, अक्का गेली ती गेली, पण तिने मागे ठेवलेला अर्धा तास तरी माझा होता. त्यातली गंमत हा माणूस एकेक करून उघडून बघतोय आणि टाकून देतोय. एक-दोनदा फोन वाजला तेव्हा उचलू नये असंही मनात आलं. पण मग ते तिकडे, मी इकडे, आणि दोघंही मुकाट. उचलायचीच.

शेवटी दिवाळीनंतर मी ठरवलं की जाऊन यायचं. शेजारी बसून बघू. सोबत बसलं की माणसाला हसू येतं, एकट्याला येत नाही, हे मी पोरींच्यात पाहिलं होतं. आणि शेजारी बसूनही हा माणूस हसला नाही, तर तिथेच स्पष्ट सांगून टाकायचं, की दाजी, हे बंद करू. तुम्हाला यात काही गोडी नाही, आणि माझी उडत चाललीय.

सोमवार बघून निघाले. न कळवता. दुपारी बार्शीला उतरले, चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी राहिले. दाजींनी दार उघडलं. गालावरची दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण वर-खाली लागलेलं. डब्याकडे बघून काही विचारलं नाही, तेव्हाच मला चमत्कारिक वाटायला हवं होतं.

"अगोदर कळवायचं नाही का?" ते म्हणाले.

"यायला नको होतं का?"

"तसं नाही. ये. स्वयंपाकघरात बस. मी चहा टाकतो."

पुढच्या खोलीचं दार त्यांनी जाता जाता ओढून घेतलं. चहा त्यांनी केला, बरा केला. मुलगा पराग त्यांना नाशिकला बोलावत होता, ते जात नव्हते, हे बोलणं झालं. धुणं-भांड्याच्या बाईने दोन दिवस दांडी मारली, हेही झालं. मग बोलायचं संपलं. आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. जे काही बोलणं व्हायचं, ते अक्काच्या अलीकडून-पलीकडून व्हायचं.

सात वाजून गेले तसे ते अस्वस्थ झाले. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले.

"चला दाजी," मी म्हटलं. "आज दोघं मिळून बघू."

"आज इथली वीज जायचीय."

"आता तर आहे."

"जाते. सोमवारी जाते कधीकधी."

मी उठले आणि दार ढकललं. ते मागून "शालन, थांब," म्हणाले, पण तोवर मी आत गेले होते.

टीव्ही नव्हता.

टेबल होतं. अक्काने विणलेला क्रोशाचा रुमाल त्यावर तसाच अंथरलेला. टीव्हीच्या मागची भिंत चौकोनी राहिली होती, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. रुमालाच्या मधोमध अक्काचा मोबाइल ठेवलेला आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेला रिमोट. टेबलासमोर, बरोब्बर टीव्ही बघायला ठेवतात तशी, एक खुर्ची.

मी त्या खुर्चीकडे बघत उभी राहिले. मला पहिल्यांदा राग आला, मग तो कुठे ठेवावा ते सुचेना.

"विकला का हो?" मी विचारलं.

"विकतोय कशाला? दिला."

"कुणाला?"

"गुरुजींना."

ते दाराशी उभे होते, चौकटीला हात लावून. नाक्यावर माल पकडला गेल्यावर लोक उभे राहत असतील तसे.

"तेराव्याला गादी दिली," ते म्हणाले. "छत्री दिली, चपला दिल्या, तांब्या-भांडं दिलं. तू होतीस. तिला वाटेत लागतं म्हणून देतात. सगळे गेले, मी इथं बसलो. आणि डोक्यात आलं, की ह्या बाईनं आयुष्यात छत्री वापरली नाही. पावसात पदर घेऊन जायची. जे वापरायची नाही ते दिलं आणि जे वापरायची ते इथंच. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून नेऊन दिला. गुरुजी घेत नव्हते. म्हणाले, शास्त्रात नाही. मी म्हटलं, छत्री पोचते, मग टीव्ही पोचायला काय झालं?"

मला हसू आलं असतं. अक्का असती तर आलंच असतं, ती जमिनीवर बसून हसली असती. मी रिमोट उचलला.

"हा?"

दाजींनी मान खाली घातली. "तो द्यायचा राहिला. घाईत. दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होतो. मग नाही दिला."

"का?"

"तिच्या हातात असायचा."

मी रिमोट होता तिथे ठेवला. आणि मग एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊ लागली. फिरवलेली बशी, खांद्यावरची ओढणी, कपाटाबाहेरचा नाडा. जिथे कुणी काही बोलत नव्हतं, जिथे फक्त बघायचं होतं, तिथे-तिथे त्यांनी विचारलं होतं. त्यांना दिसत कुठे होतं? माझ्या टीव्हीचा आवाज फोनमधून ऐकत ते ह्या उजळ भिंतीकडे बघत बसत होते, आणि मी त्यांना मनातल्या मनात दगड म्हणत होते.

"दाजी, मग हे कशासाठी? मालिका तुम्हाला आवडत नाही, दिसत नाही, मग दर सोमवारी फोन कशाला?"

ते आत आले आणि खुर्चीवर बसले, भिंतीकडे तोंड करून. त्यांना माझ्याकडे बघून बोलणं जमलं नसतं.

"मी आत पेपर वाचत बसायचो," ते म्हणाले. "सोमवारी. मला ते काय चाललंय कधी कळलं नाही. हसणं ऐकू यायचं. आधी हिचं, इथलं. आणि मागनं फोनमधलं तुझं. आधी एक, मागनं एक. इतकी वर्षं. मला सवय झाली. ही गेली तर म्हटलं, निदान मागचं तरी ऐकू येईल."

मी खाली जमिनीवर बसले.

"पण तू हसेनास," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी हसली नाहीस. म्हटलं, विचारावं. विचारलं की सांगेल, सांगताना तरी हसू येईल तिला."

माझं हसू त्यांच्या विचारण्याने गेलं, असं मी धरून चालले होते. आणि ते विचारत होते माझं हसू गेलं म्हणून. दोन शहाणी माणसं दर सोमवारी अर्धा-अर्धा तास हे करत होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगून त्यांना वाईट वाटलं असतं आणि मला तर वाटतच होतं.

"मी नवा टीव्ही घेऊन देते," मी म्हटलं. "परागला सांगते."

"नको. टीव्ही आला तर मी फोन कशाचा करू?"

बाहेर शेजारच्या घरातून 'तात्यांच्या बिऱ्हाडा'चं सुरुवातीचं संगीत ऐकू आलं. साडेसात वाजले होते. दोघांनीही ऐकलं. शेजारी जाऊन बसता आलं असतं, पण आम्ही उठलो नाही.

"तिथं लागलं असेल आता," दाजी हळूच म्हणाले.

"हो."

"रिमोट नाही तिच्याजवळ."

"टीव्हीला खाली बटणं असतात, दाजी," मी म्हटलं. "तिला येतं ते."

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यानंतर अर्धा तास आम्ही त्या रुमालासमोर बसून होतो, आणि शेजारून अधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. इतकं एकटं मला माझ्या खोलीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इतकी सोबतही कुणाची वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी परतले. पुढच्या सोमवारी फोन आला, "लाव." मी लावला. आणि ते विचारायच्या आतच मी सांगू लागले. तात्या जिन्यात आलेत, दाजी. एका पायात चप्पल, एका पायात बूट. त्यांना ठाऊक नाही. मावशीनं पाहिलं, पण ती बोलत नाही. सांगताना माझ्या लक्षात आलं, की असं सांगायचं तर नीट बघावं लागतं, आणि नीट बघितलं की बारीकसारीक गमती दिसतात. मला थोडं थोडं हसू येऊ लागलं. मी हसले की ते म्हणायचे, "हां." तेवढंच. त्यांचं स्वतःचं हसू मात्र नाही. ते मी मागितलंही नाही. माझं एकटीचं हसू खोलीत उमटायचं, आणि पुढे कुणी नसल्यामुळे दर वेळी ते मला आखूड वाटायचं. पण हसत होते.

उन्हाळा लागायच्या सुमारास मालिका संपली. वाहिनीने आठवडाभर आधी जाहिरात केली, शेवटच्या भागात तात्यांनी त्या खुर्चीला एकदाचा पाय बसवला आणि सगळ्यांनी हात जोडले. मी ते दाजींना सांगितलं.

"पाय बसवला?" ते म्हणाले.

"हो."

"मग आता काय राहिलं?"

"काही नाही. संपली."

"बरं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नेहमी ते "ठेवतो" म्हणायचे, त्या दिवशी नाही म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सोमवार आला. दुपारपासून घर आवरलं. आवरायला काही नव्हतं. सात वाजता स्टुलावर फोन ठेवला, टीव्ही लावलाच नाही. साडेसात वाजले आणि फोन गप्प राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. माझ्या मनात आलं, की दाजींनी फोन करायचा तर कारण लागतं, तो माणूस पावतीशिवाय काही करायचा नाही. आणि आता कारण उरलं नव्हतं. आज हा फोन झाला नाही, तर पुढच्या सोमवारीही होणार नाही, आणि मग वर्षश्राद्धाला भेट, आणि मग तेही नाही. तिकडे तो माणूस उजळ भिंतीकडे बघत बसला असणार. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींना फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला. म्हणजे हातातच होता.

"लावा," मी म्हटलं.

"काय लावू? संपली ना ती?"

"फोन चालू ठेवा. मी सांगते."

"आवाज येत नाही टीव्हीचा."

"टीव्ही बंद आहे. जुना भाग आहे. ऐका." मी काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडात जे आधी आलं ते सांगत सुटले. "तात्या पेपर वाचत बसलेत. दारावर टकटक होते. तात्या दार उघडतात, तर बाहेर नगरपालिकेचा माणूस. हातात पिशवी, काखेत छत्री. थकलेल्या घरपट्टीसाठी आलाय. तात्या म्हणतात, या, या, बसा ना. आणि खुर्ची पुढे करतात."

मी स्टूल जवळ ओढलं.

"तो म्हणतो, नको, उभा बरा आहे. तात्या म्हणतात, अहो, असं कसं, इतक्या उन्हातून आलात. तो म्हणतो, ड्यूटीवर बसत नाही मी. चहा येतो. तो उभ्याने पितो. तात्या खुर्ची त्याच्या मागे सरकवतात, तो एक पाऊल पुढे होतो. पुन्हा सरकवतात, पुन्हा तो पुढे. असं करत करत दोघं सगळा दिवाणखाना फिरून येतात. शेवटी तात्या पैसे काढून देतात. तो मोजतो, पिशवीत ठेवतो, पावती फाडून देतो."

पावतीचं मी घातलं. मूळ भागात नव्हतं.

"मग तो जातो. तात्या दार लावतात, कडी घालतात, कपाळावरचा घाम पुसतात. म्हणतात, सुटलो बाबा. आणि वळतात."

एवढं म्हणून मी श्वास घेतला, आणि फोनमधून कसलासा आवाज आला. मला वाटलं खोकले. मग पुन्हा आला, आणि थांबेचना. जड दार बरीच वर्षं बंद राहून उघडावं तसा कुरकुरत आधी, आणि मग मोकळा. दाजी हसत होते. जागेपणी.

त्यांना गोष्ट पाठ होती. अक्काने जेवताना सांगितली होती, एकदा नाही, किती वेळा सांगितली असेल कुणास ठाऊक. तात्या अजून खुर्चीपाशी पोचले नव्हते. त्यांनी धोतर सावरलं नव्हतं. विनोद यायचा होता, आणि बार्शीचं हसू आधी आलं होतं.

मग मागून मी हसले.